तीन वर्षांची बॅटरी, सकाळची टकटक आणि वॅगन-आर

निवडुंग (पुणे) | शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी वॅगन-आर, १.० पेट्रोल, २०१९ची, साधे गिअर. कंपनीची मूळ बॅटरी २०२२च्या दिवाळीत बदलली, म्हणजे आत्ताच्या बॅटरीला तीन वर्षं उलटून गेली. गेल्या तीन आठवड्यांत आज तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली नाही. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे मंद होतात आणि बॉनेटखालून नुसती टक-टक-टक. दोन वेळा शेजारच्या काकांनी त्यांच्या गाडीच्या बॅटरीवरून केबल लावून जंप दिला. आज सकाळी ते नव्हते, शेवटी रिक्षा केली.

बाबांना मंगळवारी आणि शुक्रवारी फिजिओथेरपीला न्यावं लागतं, म्हणून जीव वर-खाली होतो. त्यांना वॉकर घेऊन रिक्षात चढवणं फार अवघड जातं. एरवी गाडी उभीच असते. जाऊन-येऊन आठ किलोमीटर, तेही सिंहगड रोडच्या गर्दीत.

संध्याकाळी काका परत आल्यावर जंप घेऊन मी जवळच्या बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदारानं बॅटरीकडे नुसतं बघितलं आणि म्हणाला, "ही गेली. आता ३५ ऐवजी ४५ अँपिअरची टाका, चार-पाच वर्षं बघायला नको." जुन्या बॅटरीवर ३८बी२०एल असं लिहिलंय. खरंच मोठी टाकावी का? कोणत्या कंपनीची घ्यावी? आणि स्वतः बदलता येते का? घरी मी आणि बाबा दोघंच आहोत, त्यामुळे जमत असेल तर मला शिकायचं आहे.

सह्यकडा | शुक्रवार, रात्री १०:०५

तीन वर्षं झाली ना, मग तिचं आयुष्य झालं. उगाच तपासण्या करत बसू नका, बदला आणि मोकळ्या व्हा. बाबांची अडचण होतेय हे जास्त महत्त्वाचं.

ओझरचा मास्तर (नाशिक) | शुक्रवार, रात्री १०:५०

निवडुंग, एक दिवस थांबा. सह्यकडा म्हणतात तसं बॅटरीचं वय झालेलं असू शकतं. पण ती का बसतेय हे न कळता नवी टाकलीत तर वर्षभरात तीही बसेल. मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि घरच्या गाड्यांच्या बॅटऱ्या स्वतःच बदलत आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाजारातून व्होल्ट आणि करंट मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर आणा, तीन-चारशे रुपयांत मिळतो. तीन आकडे घ्यायचे.

पहिला आकडा रात्रभर गाडी उभी राहिल्यावर, सकाळी काहीही चालू न करता. लाल काडी बॅटरीच्या अधिक टोकाला, काळी उणे टोकाला. बॅटरीत सहा घरं (सेल) असतात आणि प्रत्येक घर साधारण २.१ व्होल्ट देतं. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते म्हणजे ठीक आहे, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात बाराला ती जवळपास रिकामी असते.

दुसरा आकडा कोणीतरी किल्ली फिरवत असताना. स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, ओढ घेतो तेव्हा व्होल्ट खाली येणारच, पण ते ९.६च्या खाली जाता कामा नयेत.

तिसरा इंजिन चालू असताना. १३.८ ते १४.५च्या दरम्यान असलं तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारं जनित्र, बॅटरी नीट भरतोय. १३च्या आसपास अडकलं तर दोष बॅटरीचा असेलच असं नाही, तिला जेवणच मिळत नाही. आणि १५च्या वर गेलं तर व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, तो बॅटरीतलं पाणी उकळून संपवेल.

हे तीन आकडे इथे लिहा, मग पुढचं बोलू.

निवडुंग | शनिवार, सकाळी ११:१५

काका, मीटर आणला. काल जंपनंतर गाडी चाळीस मिनिटं फिरवली होती. आज सकाळचा आकडा १२.२०. किल्ली फिरवताना शेजारच्या काकांनी बघितलं, ८.९ पर्यंत खाली गेलं, पण कशीबशी सुरू झाली. चालू असताना १४.२, आणि एसी, हेडलाइट लावून १३.९.

ओझरचा मास्तर | शनिवार, सकाळी ११:४०

म्हणजे अल्टरनेटर उत्तम आहे, तो खर्च टळला. पण ८.९ हा आकडा अर्ध्या भरलेल्या बॅटरीचा आहे. अर्धपोटी माणसाला पळायला लावून तो दमला म्हणण्यासारखं होईल. बॅटरीवर निकाल द्यायचा तर आधी ती पूर्ण भरून घ्यायला हवी.

आता एक हिशेब बघा. छोट्या पेट्रोल इंजिनचा स्टार्टर साधारण दीडशे अँपिअर खेचतो, दोन सेकंद. १५० गुणिले २ भागिले ३६००, म्हणजे ०.०८ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतून हे चहाचा घोट घेण्याइतकं. अल्टरनेटर ते मिनिटभरात परत भरतो. मग चाळीस मिनिटं फिरूनही बॅटरी अर्धीच का? एकतर ती खूप खाली गेली होती, आणि इतकी उतरलेली बॅटरी चाळीस मिनिटांत भरत नाही, तिला आठ-दहा तास लागतात. किंवा गाडी बंद असताना कोणीतरी ती पीत बसलंय. मला दुसरी शंका जास्त येते, कारण तुमची गाडी उभी फार राहते.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण) | शनिवार, दुपारी २:१०

मास्तर, बरोबर लाइनवर आहात. मी ऑटो इलेक्ट्रिशियन, २२ वर्षं हेच काम करतोय.

ताई, पहिल्यांदा टर्मिनल बघा. पांढरी-हिरवी भुकटी धरली आहे का? क्लॅम्प हाताने हलतो का? हलत असला तर तेच कारण असू शकतं. भुकटी काढायला गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा, जुना टूथब्रश, मग साधं पाणी आणि कोरडं फडकं. घट्ट बसवून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात. जुने लोक आधी ग्रीस थापतात आणि मग क्लॅम्प बसवतात, तसं करू नका. धातू धातूला भिडला पाहिजे, लेप वरून.

दुसरं, बॅटरीच्या उणे टोकापासून बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाणारी अर्थिंगची पट्टी. २२ जुलै २०२१च्या पुरानंतर आमच्याकडे पाण्यात गेलेल्या गाड्यांची रांग लागली होती. लोकांनी बॅटऱ्या नव्या टाकल्या, गाड्या चालल्या, आणि वर्षा-दीड वर्षाने पुन्हा तीच टकटक. एका गृहस्थांनी दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या माझ्याकडे येण्याआधी. दोन्ही चांगल्या निघाल्या. अर्थिंगच्या पट्टीचं टोक आतून सडलं होतं. बोल्ट खोलला, पॉलिश पेपर मारला, नवी पट्टी टाकली, काम झालं. तपासायची पद्धत सोपी आहे: मीटरची एक काडी बॅटरीच्या उणे टोकाला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला, आणि कोणालातरी किल्ली फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंगमध्ये लोचा.

तिसरं महत्त्वाचं. गाडीत बाहेरून काय काय बसवलंय? टेप, कॅमेरा, जीपीएस, रिमोट लॉक?

निवडुंग | शनिवार, दुपारी ३:३०

टर्मिनल स्वच्छ आणि घट्ट आहेत. अर्थिंगची चाचणी केली, ०.१५ आलं. बाहेरून बसवलेला फक्त डॅशकॅम आहे, मागच्या वर्षी बसवला. सोसायटीत दोनदा गाडीला ओरखडे पडले म्हणून पार्किंगमध्येही रेकॉर्ड करणारा घेतला.

वाशिष्ठीकाठ | शनिवार, दुपारी ३:४५

सापडला बहुतेक. तरी मोजून खात्री करू, नाहीतर मी पण दुकानवाल्यासारखं नुसतं बघून सांगितल्यासारखं होईल.

गाडी बंद, किल्ली गाडीबाहेर खिशात, बॉनेट उघडं. दार नीट लावलेलं, आतला दिवा बंद. मीटरची लाल काडी १० अँपिअर लिहिलेल्या भोकात घाला आणि बटण डीसी अँपिअरवर. बॅटरीचं उणे टोक सोडवा आणि मीटर मधे जोडा: एक काडी बॅटरीच्या उणे टोकाला, एक सुटलेल्या केबलला. आता करंट मीटरमधून जाईल. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका, गाडीचा कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतो. अर्धा तास तसंच राहू द्या, मग वाचा. ५० मिलिअँपिअरपर्यंत म्हणजे ०.०५ चालतं. चांगल्या गाडीत वीस-तीसच असतात.

दोन गोष्टी जिवापाड सांभाळा. मीटर मधे असताना किल्ली फिरवायची नाही, मीटर जळेल. आणि काम झाल्यावर लाल काडी परत व्होल्टच्या भोकात घाला. ती अँपिअरच्या भोकात राहिली आणि उद्या तुम्ही बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलात तर थेट शॉर्ट होईल. माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला मी हे पहिल्या दिवशी सांगतो.

उन्हाळी वाट (नागपूर) | शनिवार, सायंकाळी ७:२०

धागा वाचतोय. आमच्याकडे तीन वर्षं टिकली तर बॅटरी चांगली निघाली म्हणतात. लोक समजतात थंडीनं बॅटरी मरते. थंडीत ती फक्त उघडी पडते. मारतो मे महिना. पारा ४५च्या वर, त्यात बॉनेटखालची भट्टी. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली झीज साधारण दुप्पट वेगानं होते. आतल्या शिशाच्या जाळ्या गंजतात, पाणी उडतं. तेव्हा इंजिन गरम असतं, तेल पातळ असतं, गाडी अर्ध्या ताकदीवरही सुरू होते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मग डिसेंबरात पारा दहावर आला की एका सकाळी टकटक.

आमच्याकडे ज्यांच्या बॅटरीला बूच आहेत त्यांनी मार्च ते जून दर महिन्याला पाणी बघावं. फक्त डिस्टिल्ड वॉटर. आरओचं पाणी नाही, एसीचं टपकणारं पाणी तर नाहीच, त्यात धूळ आणि कॉइलचा धातू येतो. आणि अ‍ॅसिड कधीच वरून टाकू नये. उडून जातं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं.

निवडुंग | रविवार, दुपारी १:००

मोजलं! अर्ध्या तासानं आकडा ०.१८ वर स्थिर झाला. डॅशकॅमची वायर काढली आणि ०.०२.

ओझरचा मास्तर | रविवार, दुपारी १:२५

छान काम केलंत. आता हिशेब स्वतःच करून बघा. ०.१८ गुणिले २४, म्हणजे दिवसाला ४.३ अँपिअर-तास. शुक्रवार ते मंगळवार चार दिवस, म्हणजे सतरा. ३५ मधले सतरा गेले, बॅटरी अर्ध्यावर. मंगळवारी तुम्ही आठ किलोमीटर फिरता, त्यात जेमतेम सात-आठ परत जमा होत असतील. खर्च सतरा आणि जमा आठ, असं घर किती दिवस चालेल?

वाईट म्हणजे हे वर्षभर चाललंय. बॅटरी वारंवार अर्ध्याखाली उतरली आणि तशीच राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कडक स्फटिक धरतात. ते नंतर चार्ज करूनही पूर्ण विरघळत नाहीत. त्यामुळे ती आता बरी होईल असं मी ठामपणे म्हणत नाही. पण ४५ अँपिअरची टाकून हे दुखणं गेलं नसतं, फक्त दोन दिवस पुढे ढकललं गेलं असतं.

वाशिष्ठीकाठ | रविवार, दुपारी २:००

आता बॅटरी दुकानात रात्रभर सावकाश चार्ज करून घ्या. ३५ अँपिअरला साडेतीन अँपिअरच्या आसपास, दहा-बारा तास. घाईत मोठ्या चार्जरवर दोन तासात उकळून देतात, ते नको. मग चार्जरवरून काढून दोन-तीन तास ठेवा आणि लोड टेस्ट, म्हणजे भार टाकून ताकदीची तपासणी, करायला सांगा. टेस्ट तुमच्यासमोर झाली पाहिजे. छापील स्लिप देणारं मशीन असलं तर उत्तमच.

बॅटरीवर छोटी गोल खिडकी असते ना, हिरवी दिसली की ठीक म्हणतात, त्यावर जाऊ नका. ती सहापैकी एकाच घराचं सांगते. बाकी पाच घरांतलं एखादं मेलेलं असलं तरी खिडकी हिरवीच.

मेपलवाट (एडमंटन, कॅनडा) | रविवार, रात्री ११:३०

मूळचा सांगलीचा. इकडे उणे तीस होतं तेव्हा बॅटरी हा जिव्हाळ्याचा विषय असतो. रात्री गाडीच्या इंजिनला हीटरची वायर लावून झोपतो आम्ही. इथे बॅटरी घेताना लोक पहिला आकडा बघतात सीसीएचा: उणे १८ अंशाला, तीस सेकंद, व्होल्ट ७.२च्या खाली न जाऊ देता बॅटरी किती अँपिअर देते.

भावाला सांगलीत बॅटरी घ्यायची होती तेव्हा दुकानदार जास्त सीसीएचं मॉडेल हजार रुपये वाढवून देत होता. मी त्याला नको म्हटलं. कंपनीनं गाडीला जेवढा सांगितलाय तेवढा असला की आपल्याकडे पुरे. ते पैसे वॉरंटीचे फुकट बदलीचे महिने जास्त असलेल्या मॉडेलवर घालावेत.

निवडुंग | मंगळवार, रात्री ८:१५

निकाल आला. रात्रभर चार्ज करून सकाळी १२.५ होते, पण लोड टेस्टला बसली. स्लिपवर ताकद मूळच्या निम्म्याहून खाली. म्हणजे बदलायचीच आहे, पण आता का ते कळलं. आज शेजारच्या काकांनी आम्हाला त्यांच्या गाडीतून नेऊन आणलं. आता नेमकी कोणती घेऊ सांगा. ३८बी२०एलचा अर्थही सांगा.

ओझरचा मास्तर | मंगळवार, रात्री ९:००

ही जपानी पद्धतीची खूण आहे. ३८ हा ताकदीचा अंक. बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट. २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, खरी १९७ मिलिमीटर भरते. शेवटचं एल किंवा आर अधिक टोक कोणत्या बाजूला ते सांगतं. हे शेवटचं अक्षर चुकलं तर केबल पोचत नाही, आणि मग लोक केबल ताणतात किंवा बॅटरी उलटी फिरवून बसवतात. दोन्ही धोक्याचं.

४५ची बॅटरी बहुधा बी२४ मापाची असते, २३८ मिलिमीटर. अल्टरनेटरवर ताण येतो म्हणतात ते खरं नाही, तो लागेल तेवढंच देतो. अडचण जागेची. चार सेंटिमीटर जास्त लांब बॅटरी तुमच्या ट्रेमध्ये बसणार नाही, वरचा क्लॅम्प लागणार नाही, आणि सैल बॅटरी आपल्या रस्त्यांवर हादरे खाऊन आतल्या पट्ट्यांचा लेप गाळते. जी होती तीच घ्या.

वाशिष्ठीकाठ | मंगळवार, रात्री ९:३०

एक जोडतो. बी२०ची टोकं बारीक असतात. जाड टोकाची बॅटरी गळ्यात मारली तर क्लॅम्प ठोकून बसवतात. उलट झालं तर मधे पत्र्याची पट्टी गुंडाळतात. दोन्ही करू देऊ नका.

कंपनीचं विचाराल तर एक्साइड, अमरॉन, टाटा ग्रीन, एसएफ सोनिक, ज्याचं सर्व्हिस सेंटर तुमच्या घराजवळ आहे ते घ्या. एसएफ सोनिक एक्साइडचाच ब्रँड आहे. मी सगळ्या बसवल्यात, सगळ्यांत चांगल्याही निघाल्या आणि वाईटही. नावापेक्षा तारीख बघा. बॅटरीवर बनवल्याचा महिना-वर्ष छापलेला किंवा कोरलेला असतो. दोन-तीन महिन्यांच्या आतली हवी. दुकानात पडून पडूनही ती उतरत असते.

कृष्णाघाट | मंगळवार, रात्री १०:१०

तारखेबद्दल अगदी कळकळीनं सांगते. मागच्या वर्षी आमच्या गावातल्या एका दुकानानं मला अकरा महिने जुनी बॅटरी दिली. बिलावर नंबर लिहिला नाही, कार्डावर शिक्का मारला पण तारीख कोरी ठेवली. सात महिन्यांत बसली तेव्हा "कार्ड अपुरं आहे" म्हणून हात वर केले. साडेचार हजार पाण्यात. बिलावर बॅटरीचा सिरियल नंबर हवाच, आणि ऑनलाइन वॉरंटी नोंदवायची असेल तर दुकानातच मोबाईलवर नोंदवून मेसेज आल्याशिवाय पैसे देऊ नका.

ओझरचा मास्तर | मंगळवार, रात्री १०:३०

वॉरंटी वाचताना मोठा आकडा बघून भुलू नका. ५५ महिने लिहिलेलं असलं तरी माझ्या कार्डावर त्यातले ३० महिने फुकट बदलीचे आहेत आणि पुढचे २५ प्रो-राटा, म्हणजे नव्या बॅटरीवर थोडी सूट. दोन मॉडेलची तुलना फुकट महिन्यांवरून करा. शिवाय बॅटरी फक्त उतरलेली असेल तर ते चार्ज करून परत देतात, बदलून देत नाहीत. डॅशकॅमनं उतरवलेली बॅटरी वॉरंटीत बसली नसती.

आणि २२ सप्टेंबर २०२५पासून या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ झालाय. बिलात १८च लागलाय ना ते बघा.

बदलापूर लोकल | बुधवार, सकाळी ७:५०

माझी बलेनो सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारी आहे. तिलाही साधी चालेल का? निम्म्या किमतीत मिळतेय.

वाशिष्ठीकाठ | बुधवार, सकाळी ८:२०

नको. तुमच्या गाडीला ईएफबी प्रकारची, म्हणजे वारंवार बंद-चालू सोसणारी, लागते. दिवसात पन्नास वेळा इंजिन सुरू करणं साध्या बॅटरीला झेपत नाही, वर्षभरात संपेल. आणि ज्यांची अर्टिगा स्मार्ट हायब्रिड आहे त्यांनी लक्षात ठेवा, तिच्या पुढच्या डाव्या सीटखाली छोटी लिथियमची बॅटरी वेगळी असते, तिला घरी हात लावायचा नाही.

निवडुंग | बुधवार, रात्री ९:१०

तीन ठिकाणी भाव काढला. जवळच्या दुकानात, नाना पेठेत आणि घरी येऊन बसवणाऱ्यांकडे. नाना पेठेत जुनी देऊन ४,१५० पडले. दोन महिन्यांपूर्वीची तारीख, बिलावर नंबर, वॉरंटी मेसेज आला. जुनी न देता घेतली तर सातशे जास्त सांगत होते. शनिवारी स्वतः बसवणार आहे, म्हणून जुनी शनिवारी नेऊन देईन असं ठरलं. दुकानदारानं लगेच होकार दिला.

ओझरचा मास्तर | बुधवार, रात्री ९:३०

जुनी नक्की दुकानातच द्या. निम्म्याहून जास्त वजन शिशाचं असतं, ते वितळवून पुन्हा बॅटरीतच जातं. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेऊन पुनर्वापराला लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दारावरचा भंगारवाला शिशासाठी ती फोडतो आणि अ‍ॅसिड गटारात ओततो. आमच्या गावाबाहेर अशी एक जागा होती, तिथे वर्षानुवर्षं गवत उगवलं नाही.

वाशिष्ठीकाठ | शुक्रवार, रात्री ८:४५

ताई, उद्यासाठी नीट वाचा.

हातातल्या बांगड्या, अंगठी, लांब साखळी काढून ठेवा. धातूची अंगठी पाना आणि टोकाच्या मधे आली तर क्षणात लाल होते, बोट जाईल. जुने कपडे घाला, अ‍ॅसिडचा थेंब सुती कापडाला धुतल्यावर भोक पाडतो. डोळ्यांवर चष्मा. डोळ्यात काही उडालंच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि मग डॉक्टरकडे.

गाडी बंद, किल्ली खिशात, एक दार उघडं. दहाचा पाना बहुतेक सगळीकडे चालतो. आधी काळी केबल, म्हणजे उणे. मग लाल. त्यानंतर वरचा क्लॅम्प. कारण असं: सगळी बॉडी उणेला जोडलेली असते. लाल आधी सोडवायला गेलात आणि पान्याची शेपटी बॉडीला लागली की शॉर्ट. काळी आधी काढली की पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही. बसवताना उलट, आधी क्लॅम्प घट्ट, मग लाल, शेवटी काळी. काळी जोडताना बारीक ठिणगी दिसेल, ते ठीक.

बॅटरी नऊ-दहा किलो असते, तिरकी करू नका, कंबरेतून वाकू नका. ट्रे सोड्याच्या पाण्यानं धुवून कोरडा करा. नव्या बॅटरीच्या टोकांवरची प्लॅस्टिकची टोपणं काढायला विसरू नका, त्यातलं एक लाल टोकावर परत झाकायला ठेवा.

आणि इंजिन चालू असताना बॅटरी कधीही काढायची नाही. "अल्टरनेटर तपासतो" म्हणून जुने मेकॅनिक टर्मिनल काढतात. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत चालून गेलं ते. आता व्होल्टची उसळी जाऊन कॉम्प्युटर उडतो, त्याची किंमत चार बॅटऱ्यांएवढी.

डॅशकॅमची वायर किल्लीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवर घ्या. ओरखड्यांसाठी पार्किंगमध्ये हवाच असेल तर १२.२ला आपोआप तोडणारं कटऑफ मिळतं, ते मधे लावा.

निवडुंग | शनिवार, दुपारी १२:४०

बसवली. पाऊण तास लागला. त्यातले वीस मिनिटं वरच्या क्लॅम्पचा गंजलेला नट सुटत नव्हता, त्यावर तेल सोडून थांबले. बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले होते. प्रत्येक टप्प्याला "काळी आधी ना?" विचारत होते. पहिल्याच किल्लीला सुरू झाली. घड्याळ शून्यावर गेलं होतं, ते लावलं. पहिली दोन मिनिटं इंजिन थोडं वर-खाली झालं, मग शांत. हे ठीक आहे ना?

वाशिष्ठीकाठ | शनिवार, दुपारी १:०५

एकदम ठीक. कॉम्प्युटर आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन किती वेगानं फिरवायचं ते, पुन्हा शिकतो. पंधरा-वीस किलोमीटरमध्ये बसेल. डॅशकॅमचं काय केलंत?

निवडुंग | शनिवार, दुपारी १:१५

किल्लीच्या फ्यूजवर घेतला. बंद गाडीत मोजलं, ०.०२. आणि दादा, लाल काडी परत व्होल्टच्या भोकात घातली.

ओझरचा मास्तर | शनिवार, दुपारी १:३०

मंगळवारी सकाळी गाडी सुरू करण्याआधी एकदा व्होल्ट मोजा आणि इथे लिहा.

निवडुंग | मंगळवार, सकाळी ९:०५

काका, १२.५८. निघालो आम्ही.